चारशे बारा पोत्यांचं भाकीत

"सरकी गेली घाणीले, ढेप आली गाईले,
दूध गेलं हाटेलाले, चहा माह्या बाईले..."

रोहणा गावची आत्या धार काढताना हे गुणगुणायची. सहा वर्षांची वेदश्री गोठ्याच्या दारात बसून ऐकायची. आता ती वर्ध्यात अर्थशास्त्राची पीएच.डी. करते, आणि तिचं मॉडेल म्हणजे तेच गाणं, आकडे घातलेलं: गावात कोण कोणाकडून काय घेतं, त्यावरून पुढचा धंदा किती.

तिच्या मार्गदर्शकांचं, अच्युत सरांचं मॉडेल साधं. दहा वर्षांचे आकडे मांडायचे आणि रेघ पुढे ओढायची.

दोन्ही मॉडेलांची परीक्षा ठरली हिंगणी गावात. पुंडलिकरावांच्या दुकानातून नोव्हेंबरात ढेपेची, म्हणजे गुरांच्या सरकी पेंडीची, पोती किती जातील? सर म्हणाले तीनशे ऐंशी. वेदश्री म्हणाली चारशे बारा.

"चुकलीस तर हे प्रकरण प्रबंधातून बाहेर."

"सर, तीन वर्षं घातलीत त्यात!"

"म्हणूनच आता सांगतोय."

पुंडलिकरावांनी तिला हळूच विचारलं, "तुहा आकडा कोनता, पोरी?" तिनं भाबडेपणानं सांगितला.

डिसेंबर उजाडला. सरांनी पावत्या दोनदा मोजल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. चारशे बारा. ना एक कमी, ना एक जास्त.

पुंडलिकरावांच्या घरी चहा झाला. बैठकीत एका भिंतीला पोत्यांची थप्पी छताला टेकलेली, उरलेली पोती जमिनीवर पसरलेली, त्यामुळे सगळे पोत्यांवरच बसले. वेदश्रीला तर ते सिंहासनच वाटलं.

"काका, पुढच्या वर्षी माझं मॉडेल चारशे ऐंशी म्हणतं!"

पुंडलिकरावांनी मान वर करून छतापर्यंतची थप्पी पाहिली.

"आता झोपाचं कुठं, ते बी विचारा त्या मॉडेलले," अनुसयाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "सांगून टाका न! काऊन लपवून राह्यले?"

"काय लपवलं?" सरांनी कप खाली ठेवला.

पुंडलिकरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. वेदश्रीकडे पाहवेना, म्हणून पोत्याकडे पाहत बोलले.

"तीस तारखेले तीनशे नव्वदच गेलते, पोरी. व्यापारात बोललेला आकडा पाळा लागते न, अन तू तं आपली लेक. पाच पोते शाळेतल्या मुकेश गुरुजीच्या गळ्यात मारले. सतरा मीच घेतले, माह्याच दुकानातून, पावती फाडून. अन माह्या घरी साधी शेळी बी नाई."