पिल्लू असलेली हत्तीण

"आजही पुढची सीट तिलाच. माझी ही बाजू भाजून भाकरी झाली, ते कुणी बघत नाही," लुसिंडा माझ्या कानाशी पुटपुटली.

ती मोठ्याने बोलली नाही. कारण ती सीट तिला का, हे लुसिंडाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि जिच्याबद्दल चाललं होतं ती ओतीलिया पुढे जानुआरियोच्या शेजारी दुर्बीण गळ्यात घालून महाराणीसारखी बसली होती.

खरं तर जीपचा नियम जानुआरियोने पहिल्याच दिवशी सांगितला होता. रोज प्रत्येकाने एक जागा सरकायचं, म्हणजे भांडणं होत नाहीत. तो बरीच वर्षं या रानात माणसं फिरवतोय, पुढच्या सीटवरून मोडलेली लग्नंसुद्धा पाहिली आहेत म्हणे त्याने. आम्ही त्याला सांगितलं की ओतीलियाला मागे बसलं की मळमळतं. जिने सगळं आयुष्य लिस्बनच्या चढउतारांवर टॅक्सी चालवण्यात घालवलं, दारू प्यालेली गिऱ्हाईकं घरी पोचवली, त्यांनी केलेली घाण स्वतः पुसली, तिला मळमळतं! आणि ती आमच्या शेजारी उभी राहून मान डोलावत होती. जानुआरियोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि "बरं, ममा," एवढंच म्हणाला.

ओतीलियाच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. कडेचं दिसतं, मधलं जातं. तिने हे आम्हाला एकदाच सांगितलं होतं, लुसिंडाच्या दुकानात कॉफी पिताना, तेही सुतळी मागावी तसं सहज. वयाचं आहे, चष्मा बदलला की होईल, म्हणाली आणि केक तोंडात घातला. विषय संपला. तेव्हापासून लुसिंडा आपल्याच दुकानातली फळ्यावरची पाटी मोठ्याने वाचते, आज कॉड माशाचे वडे आहेत, कोबीचं सूप आहे, जणू तिला स्वतःलाच आठवत नाही. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. ओतीलिया बटण लावायला आली की मी तिच्या सुईत दोरा ओवून ठेवलेला असतो, आणि तो कुणी ओवला यावर आम्ही दोघीही बोलत नाही. ती बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघते, कारण मग चेहरा कडेला येतो आणि थोडासा दिसतो. लुसिंडाने तर नवी कर्णफुलंच घेतली. बघायचंच आहे कानाकडे, तर बघण्यासारखं काहीतरी असू दे, असं मला एकटीला म्हणाली. आम्ही हसलो.

इथवर ठीक होतं. माणूस म्हातारं होतं, मैत्रिणी सांभाळून घेतात. पण ओतीलिया गाडी चालवते. टॅक्सी विकली तरी स्वतःची छोटी गाडी आहे, आणि त्या गाडीतून ती रोज सकाळी नातीला टेकडीवरून खाली शाळेत सोडते. मातिल्द नाव पोरीचं. पहिलीत आहे, पुढचे दोन दात पडलेत. तिची आई सुझाना इस्पितळात पहाटेच्या पाळीला असते आणि आपल्या आईच्या गाडीत मुलगी सगळ्यात सुरक्षित आहे असं समजते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात गाडीचा उजवा दरवाजा खांबाला घासून चेपला, तेव्हा ओतीलियाने नगरपालिकेला शिव्या घातल्या, खांब पुढे सरकवला मेल्यांनी. आम्हीही नगरपालिकेला शिव्या घातल्या. खांब तिथेच होता. आम्ही तिघी लहान असताना त्याला दोरी बांधून उड्या मारायचो.

मग हिवाळ्यात तिनेच ही सहल काढली. मोझांबिकला जाऊ, हत्ती बघू, गुडघे चालतायत तोवर. गुडघे! तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण आम्ही हो म्हणालो, माझ्या गुडघ्यांबद्दल दोन विनोद केले आणि पिशव्या भरल्या.

रानात आल्यावर कळलं की आम्ही किती तयार झालो आहोत. ते बघ, डावीकडे पिवळ्या बुंध्याच्या झाडाखाली तीन रानडुकरं, शेपट्या वर करून पळतायत, असं लुसिंडा म्हणायची. मग मी, मधलं जरा लंगडतंय. मग ओतीलिया दुर्बीण उचलून म्हणायची, खरंच, लंगडतंय बिचारं. रेडिओवर सामन्याचं वर्णन चालावं तसं आमचं चालायचं. जानुआरियोला वाटलं असेल, या पोर्तुगालच्या बायका अशाच, श्वास घ्यायला पण थांबत नाहीत.

त्या दिवशी सकाळी उंच गवताच्या पट्ट्यात जीप थांबली. जानुआरियो खाली उतरून मागच्या बाजूला गेला. समोर गवत, त्यामागे एक वाळलेलं झुडूप, बाकी काही नाही. चिमणीसुद्धा नाही. आणि ओतीलियाने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"किती शांत उभी आहे, नाही?" ती हळूच म्हणाली. "हत्तीण दिसते."

मी लुसिंडाकडे पाहिलं. लुसिंडाने माझ्याकडे. आताच बोलायचं, अशी ती वेळ होती. कुणीतरी म्हणायला हवं होतं की अगं, तिथे काही नाही.

"हो," लुसिंडा म्हणाली. "आणि पोटाखाली पिल्लू पण आहे."

"कान हलवतंय," मी म्हणाले. माझ्या तोंडून आपोआप निघालं. हात जसा दोरा ओवतो तसं.

जानुआरियो हातात पाना घेऊन जीपच्या कडेला आला होता. त्याने त्या झुडपाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि परत मागे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी लुसिंडाला कोपराने ढोसलं आणि कुजबुजले, पिल्लू कशाला घातलंस मधे? तीही दबक्या आवाजात फणकारली, मग तुला कान हलवायला कुणी सांगितलं होतं?

पुढे एका टेकाडावर न्याहारीला थांबलो. तिथे खाली उतरायची परवानगी असते. जानुआरियोने जीपच्या टपावर चहाचा थर्मास आणि पाव मांडले आणि स्वतः जरा लांब, रानाकडे तोंड करून उभा राहिला. टेकाडावर फोन लागतो, हे ओतीलियाने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. तिने बटणं हाताने चाचपून फोन लावला आणि पलीकडून सुझाना, जिने आमच्या सहलीपुरती रजा घेतली होती, बोलायला लागताच हत्तिणीचं सांगायला सुरुवात केली. पिल्लू पोटाखाली उभं होतं, कान हलवत होतं, आईच्या पायाला सोंड गुंडाळत होतं. सोंडेचं आम्ही काहीच बोललो नव्हतो. ते तिने स्वतः घातलं. मग फोनवर मातिल्द आली असावी, कारण ओतीलियाचा आवाज लाडिक झाला. आजी आली की रविवारी आपण पुलापलीकडे समुद्रावर जायचं बरं का, आजीच्या गाडीतून, खिडक्या उघड्या टाकून, खूप जोरात.

माझ्या हातातला चहा बुटांवर सांडला.

तो पूल किती लांब, त्यावर गाड्या कशा धावतात, हे लिस्बनमधल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मला खिडकीत बसलेली मातिल्द दिसली, पडलेल्या दातांतून वारा घेणारी. मी ओतीलियासमोर जाऊन उभी राहिले. तिने फोन ठेवला. मी म्हणाले, हे सगळं काय सांगत होतीस पोरीला? ती म्हणाली, हत्तिणीचं. लुसिंडा मधे पडली, अगं मेना, जाऊ दे, पाव खा. मी तिला म्हणाले, तू तोंडात पाव कोंब आणि गप्प बस. लुसिंडा म्हणाली, मी गप्पच होते, पिल्लापुरतीच बोलले. मग आम्ही दोघीच भांडायला लागलो. खांबाचं निघालं, पाटीचं निघालं, कर्णफुलांचं निघालं. सगळं निघालं, फक्त ज्यावरून भांडत होतो ते सोडून. ओतीलिया मधे उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. टॅक्सी चालवताना कुणी मधे घुसलं की व्हायचा तसा.

"चाकाचा नट होता," ती म्हणाली.

आम्ही थांबलो.

"गाडी थांबली ती मागच्या चाकाचा नट ढिला झाला म्हणून. जन्म गेला माझा त्या आवाजात. पाना लागल्याचं मला कळत नाही? कुठे होती तिथे हत्तीण?"

लुसिंडाचा हात कानाकडे गेला. कर्णफूल चाचपत ती उभी राहिली.

"मला बघायचं होतं, तुम्ही कुठपर्यंत जाता," ओतीलिया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "वाटलं, आता तरी एक जण म्हणेल. निदान इथे, रानात, जिथे कुणी ओळखीचं नाही. आणि तुम्ही तिला पिल्लू दिलंत. लाज नाही वाटली? खांबाच्या वेळी पण असंच. मी शिव्या घालत होते आणि वाट बघत होते, की मेना तरी म्हणेल, गाढवे, खांब जागेवरच आहे. तर मेना नगरपालिकेच्या आईचा उद्धार करत होती."

"मग तू स्वतः का नाही बोललीस?" मी विचारलं. "डोळे तुझे आहेत. नात तुझी आहे."

"कारण तुम्ही हो म्हणता ना. तुम्ही दोघी हो म्हणालात की मला वाटतं, दिसत असेल मला. थोडं तरी. रोज सकाळी चावी लावताना मी म्हणते, अगदीच वाईट असतं तर मेना बोलली असती. ती काय गप्प बसणारी आहे? सगळ्या गल्लीला तोंड देते ती."

लुसिंडा रडायला लागली आणि रडता रडता पाव खायला लागली. लांब उभ्या जानुआरियोने मान वळवली नाही. खाली मैदानात खरोखरच काहीतरी मोठं, करडं हललं, आणि आमच्यापैकी कुणीही तिकडे बोट दाखवलं नाही.

"बोल ना," ओतीलिया मला म्हणाली. "मी आणलंय तुम्हाला इथवर. आता बोल."

ती माझ्या कानाकडे बघत होती. मी तिची हनुवटी धरली.

"तुला दिसत नाही, ओतीलिया. मातिल्दला पुन्हा तुझ्या गाडीत बसवायचं नाही."