फुंकरीतली सुटका

सिनेमा बंद पडल्यापासून तो हॉल साखरपुड्यांना आणि भांड्यांच्या सेलला भाड्याने जायचा. त्या महिन्यात तिथे सैतान निघत होते.

दारं उघडायच्या आधीच रांग कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली होती. आत शिरताच शहाण्यासुरत्या माणसांनी खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरल्या. स्टेजवर एक टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड, काचेची सुरई, ग्लास आणि शीतपेयाला असतात तशा नळ्या. टेबलामागे क्रीम रंगाच्या सुटात बंधू. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरच्या फलकावर 'सुटका सभा' आणि खाली नुसतंच 'बंधू' एवढंच होतं.

"हे पाणी बघा!" बंधूंनी ग्लास दिव्यासमोर धरला. "स्वच्छ! निर्मळ! तुमच्या आत्म्यासारखं! पण तुमच्या आत बिऱ्हाड करून कोण बसलंय? तुम्ही त्याला बघितलंय? नाही! आज बघाल!"

पहिला मान आमच्या गल्लीतल्या घड्याळजींचा. पाठदुखीने वाकलेले घड्याळजी नळीतून फुंकायला लागले आणि बघता बघता ग्लासातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. हॉलमध्ये एकच हलकल्लोळ.

"दिसला! पाठीच्या मणक्यात दडून बसला होता लबाड! फुंका, थांबू नका, पुरता बाहेर काढा त्याला!"

घड्याळजी फुंकत राहिले. त्यांचे गाल दुखले असतील, डोळे तर नक्कीच बाहेर यायच्या बेतात होते. मागे कीबोर्ड चढत्या सुरात वाजत होता. आणि पाणी हळूहळू पुन्हा नितळ झालं.

"सुटका!" बंधू गरजले.

"सुटका!" सगळा हॉल गरजला. घड्याळजी ताठ उभे राहिले. खरं सांगायचं तर इतका वेळ फुंकल्यावर कुणीही कंबर सरळ करेल, पण हे तेव्हा सांगून कुणी ऐकलं नसतं.

मी दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. देव आहे की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सूर चुकला की मात्र लगेच कळतं. इथे काहीतरी बेसूर आहे एवढं कळत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. मी तरी कशाला आलो असतो? ताईने आणलं होतं, छकूसाठी.

छकू माझी भाची. विशीतली पोर, बेकरीत कामाला, आमच्या गायकवृंदात सगळ्यात वरच्या पट्टीत गाणारी. लहानपणापासून तिला फिट येते. डॉक्टरांनी गोळ्या बसवून दिल्या होत्या आणि गेली काही वर्षं सगळं सुरळीत होतं. सुरळीत म्हणजे छकूचं. ताईचं नाही. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी ताई धावत यायची. छकू न्हाणीघरात जरा जास्त रेंगाळली की बाहेरून हाक, "आहेस ना गं?" त्यातून शेजारपाजारचे कुजबुजायचेच, की मुलीच्या अंगात काहीतरी आहे. ताई वरवर भांडायची त्यांच्याशी, पण ते बोलणं तिच्या मनात घर करून बसलं होतं.

छकूचा नंबर आला. तिने फुंकलं, पाणी पांढरंफटक झालं. पण तिला बंधूंनी पुढे फुंकू दिलं नाही. नळी काढून घेतली आणि आवाज खाली आणला.

"हा हट्टी आहे. आई कुठे आहे हिची? माय, हिला गोळ्या चालू आहेत ना? मग तो कसा निघेल? एका हाताने प्रभूला धरायचं आणि दुसऱ्या हाताने औषधाची बाटली? आधी गोळ्या सोडा. पुढच्या सभेला आणा. पाणी निवळलं नाही तर मला विचारा!"

घरी येताना मी म्हणालो, "ताई, गोळ्या बंद करायच्या नाहीत."

"तू गप्प बस. तुझा कशावर विश्वास आहे?"

"डॉक्टरांवर आहे."

"डॉक्टर म्हणतात जन्मभर घ्या. बंधू म्हणतात सुटका होईल. तू आई असतास तर कुणाचं ऐकलं असतंस?"

मी छकूकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा, जाऊ दे. आईला एकदा बघू दे. मला काही होत नाही."

ताईने गोळ्या थांबवल्या. झालं ते बेकरीतच झालं. गरम ट्रे ओढत असताना छकूला फिट आली आणि ती खाली कोसळली. सोबतच्या बाईने तिला भट्टीपासून मागे खेचलं म्हणून निभावलं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं तेवढ्यावर थांबलं. डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली, ताईच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात, बाई. पुन्हा असं करू नका. पुढच्या वेळी मागे खेचायला कुणी असेलच असं नाही."

ताई दवाखान्यात रडली नाही. बंधूंना मात्र फोन करून आली. आल्यावर अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "ते म्हणतात, निघता निघता तो असाच त्रास देतो. लक्षण चांगलं आहे म्हणे."

मी काही बोलणार तोच पलंगावरून छकू म्हणाली, "आई, त्या पाण्याला चव होती."

"कसली चव?"

"नळीतून थोडंसं तोंडात आलं होतं. जीभ चुरचुरली, तुरट लागलं. तेव्हा भीतीने लक्ष गेलं नाही." ती उठून बसली. "मामा, शाळेत आपण नळीतून कशात फुंकायचो?"

मी कपाळावर हात मारून घेतला. चुन्याची निवळी! शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाने हा प्रयोग केलेला असतो. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने चुन्याची निवळी दुधाळ होते. परीक्षेत हमखास यायचा हा प्रश्न. आणि हॉलमधल्या शेकडो माणसांना, मला धरून, तो आठवला नाही. कारण शाळेत कीबोर्ड वाजत नव्हता आणि सरांच्या अंगात क्रीम रंगाचा सूट नव्हता.

"पण ते परत नितळ होतं, त्याचं काय?" ताईने विचारलं. प्रश्न रास्त होता.

रंगवाल्याकडून मूठभर चुना आणला. पाण्यात ढवळून सकाळपर्यंत ठेवला, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं आणि त्यात साधं पाणी घालून ते पातळ केलं. छकूने फुंकलं. आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीशेजारी, सैतान हजर! ती फुंकत राहिली. ती दमल्यावर मी फुंकलं. पांढरेपणा विरळ होत होत पाणी पुन्हा साफ झालं.

"कसं?" ताईने ग्लास उजेडात धरला.

छकूने शाळेतलं जुनं पुस्तक काढून आधीच वाचून ठेवलं होतं. "श्वासातल्या त्या वायूने आधी चुन्याची बारीक भुकटी तयार होते, म्हणून पांढरं दिसतं. तोच वायू आणखी जात राहिला की ती भुकटी पुन्हा विरघळते. ज्याला सोडवायचं त्याला जास्त वेळ फुंकू द्यायचं. ज्याला परत बोलवायचं त्याची नळी मधेच काढून घ्यायची."

ताईने नवा ग्लास भरून स्वतः फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"म्हणजे माझ्यातही आहे," ती म्हणाली. आणि मग ती खुर्चीत बसून रडली, दवाखान्यात राहिलेलं सगळं. छकूने पट्टी बांधलेला हात तिच्या खांद्यावर टाकला. मी ग्लास विसळायला घेतले. अशा वेळी माणसाने काहीतरी विसळत राहावं.

पुढच्या सभेला जायचं ताईनेच ठरवलं. मी म्हणालो, आपण पाळकसाहेबांना बरोबर घेऊ. आमचे पाळकसाहेब म्हातारे, बोलायला मऊ, आणि सुटका सभेमुळे त्यांचं चर्च निम्मं रिकामं झालेलं. ते म्हणाले, "येतो. पण आधी बोलायचं ते बाई बोलतील."

बंधूंनी ताईला ओळखलं. "या माय! सोडल्या ना गोळ्या?"

"पुन्हा सुरू केल्या," ताई माइकजवळ जाऊन म्हणाली. "आज मुलीला नाही, मलाच शंका आहे. आधी तुम्ही फुंका."

हॉल हसला. बंधूही हसले. "मी तर सुटलेला आहे, माय."

"मग पाणी स्वच्छच राहील. फुंका ना."

"फुंका, फुंका!" मागून आवाज आले. त्यांत घड्याळजींचा आवाज मी ओळखला. त्यांची पाठ दोन दिवसांत होती तशी झाली होती. बंधूंनी घाम पुसला, सुरईवर हात ठेवला, प्रभूची परीक्षा घेऊ नये यावर चार वाक्यं बोलले. फुंकलं मात्र नाही.

तेव्हा ताईने पिशवीतून सोड्याची बाटली काढली. बंधू 'नको, नको' म्हणेपर्यंत तिने त्यांच्या सुरईतलं पाणी ग्लासात ओतून वर थोडा सोडा घातला. पाणी दुधासारखं झालं.

"बाटलीत भूत!" कुणीतरी ओरडलं.

ताईने आणखी सोडा ओतला. पाणी नितळ झालं.

"आणि सुटलंसुद्धा," ताई म्हणाली. "बाटलीने ना उपास केला, ना प्रार्थना."

काय हशा पिकला म्हणून सांगू! छकूने नळाचं पाणी घेऊन त्यात फुंकून दाखवलं. ते जसंच्या तसं राहिलं. मग तिने चुन्याचं गणित सोप्या शब्दांत सांगितलं, सोड्याच्या बुडबुड्यांतही श्वासातलाच वायू असतो हेसुद्धा. शेवटी बाही वर केली आणि भाजलेला हात दाखवला. तेव्हा हसू थांबलं.

"तुमचा विश्वास कमी पडतोय!" बंधू शेवटचा जोर लावून ओरडले. "बघा पाळकसाहेब, तुमची माणसं सुटकेची थट्टा करतात!"

पाळकसाहेब जागेवरच उभे राहिले. माइक त्यांनी घेतला नाही, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

"सुटकेची नाही, चुन्याची थट्टा चाललीय," ते म्हणाले. "आपण ज्याला तारणारा म्हणतो, त्यालाही लोक ओरडून सांगत होते, चमत्कार कर, क्रुसावरून खाली उतर. तो उतरला नाही. तो आपल्या दुखण्यात आपल्यासोबत राहिला. माझ्या समजुतीप्रमाणे सुटका म्हणजे आजाराला पळवून लावणारी फुंकर नव्हे. पापाच्या, भीतीच्या तावडीतून माणूस सुटतो, आपण टाकून दिलेले नाही हे त्याला कळतं, ती सुटका. आजारी मुलीला सैतानाचं घर म्हणून तिची भीती वाढवणारा माणूस कुणाला सोडवतोय? तो तर बांधून ठेवतोय." मग ते म्हणाले, "आणि औषध शोधणारी बुद्धीही देवानेच दिली आहे, असं मी मानतो. ती फेकून द्यायला तो सांगणार नाही."

बंधूंची सुरई, सूट आणि कीबोर्ड दुसऱ्या दिवशी गावातून गेले. मागे हॉलभर चुरगळलेल्या नळ्या राहिल्या. काही लोक आजही म्हणतात की बंधू खरे होते, फक्त त्या दिवशी त्यांची शक्ती कमी पडली. त्यांना मी चुना आणून देतो आणि घरी करून बघा म्हणतो. निम्मे करून बघतात.

छकू गोळ्या घेते. बेकरीत तिला आता भट्टीपासून लांब, काउंटरवर काम दिलंय. शेजारची एक बाई परवा तिथे हळूच विचारून गेली की तिच्या मुलाला अशीच फिट येते, कोणत्या डॉक्टरांकडे दाखवू. ती इतकी वर्षं आमच्याबद्दल कुजबुजत होती आणि तिच्या घरातही हेच लपवलेलं होतं. ताई तिला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली.

पाळकसाहेबांचं सगळं म्हणणं मला पटतं असं नाही. देवाबद्दल आमचा वाद रविवारी प्रार्थना संपल्यावर अजून चालतो. पण एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत आहे, आणि ती तुम्हालाही सांगतो. श्रद्धा ठेवा, ठेवू नका, तो तुमचा प्रश्न. पण कुणी तुम्हाला घाबरवून हातातलं औषध खाली ठेवायला सांगितलं, तर त्याला सगळ्यांसमोर विचारा, "हे कसं होतं?" खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.