बेडकीला सहा चाकं

बेडकी हे एका ट्रकचं नाव. हिरवा रंग, पुढे दोन गोल वटारलेले दिवे आणि त्यांच्यामध्ये पसरट जाळी. तिला दुसरं नाव शोभलंच नसतं. ट्रक तसा लहानच. पुढे तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. तशा गाड्या बनायच्या बंद होऊनही बराच काळ लोटला होता. बाबांनी ती तरुणपणी घेतली आणि पुढचं सगळं आयुष्य तिच्यात मधमाश्यांच्या पेट्या घालून फुलांमागे हिंडण्यात घालवलं.

मधमाश्या पाळणाऱ्याला एका जागी बसून चालत नाही. खालच्या पठारावरचा फुलोरा सरला की पेट्या उचलायच्या आणि घाट चढून वरच्या माळावर न्यायच्या, कारण तिथली फुलं तेव्हा कुठे उमलू लागलेली असतात. अडचण एवढीच होती, की बेडकीला एका खेपेत निम्म्याच पेट्यांचं वजन झेपायचं. एकदा त्यांच्या धाकट्या मुलानं हट्टानं जास्त पेट्या चढवल्या आणि मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटून गाडी घाटातच बसली. म्हणून निम्म्या पेट्या आधी जात. उरलेल्या मागून जाईपर्यंत खालच्या माश्या रिकाम्या रानात भिरभिरून दमत आणि त्यांचा मध त्याच खाऊन संपवत.

"विकून टाकू," धाकटा एका संध्याकाळी म्हणाला. "मोठी घेऊ."

"आधी मला विक," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कोण घेणार, बाबा?"

हसू आवरत ताई मध्ये पडली. ताई ही बाबांची थोरली लेक. घराच्याच अंगणाला लागून तिचं गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. "विकायची नाही आणि तोडायचा पाटाही नाही," ती म्हणाली. "मागे अजून एक अ‍ॅक्सल टाकू. चाराची सहा चाकं होतील, वजन वाटलं जाईल."

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तिला कापणार?"

"चासी मागून वाढवावी लागेल. कापल्याशिवाय कशी वाढणार?"

"सांगाडा कापलेली गाडी खिळखिळी होते. घाटात हादरे देईल. माझी पोळी मोडतील."

ही भीती खोटी नव्हती. पेटीत लाकडी चौकटी उभ्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत माश्यांनी बांधलेलं मेणाचं पोळं असतं. नवं मेण मऊ असतं. मधानं जड झालेल्या अशा पोळ्याला मोठा हादरा बसला, तर ते चौकटीतून सुटून खाली येतं आणि माश्या स्वतःच्याच मधात बुडून मरतात.

"एक जरी पोळं मोडलं ना बाबा," ताई म्हणाली, "तर मी माझ्या हातानं ती चाकं उतरवीन आणि बेडकी होती तशी जोडून देईन."

"आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

बाबा उठून आत गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण गाडीची किल्ली टेबलावर राहिली.

ताईनं घाई केली नाही. आधी मोजमापं घेतली, आराखडा काढला आणि तो वाहन तपासनिसाला दाखवून मंजूर करून घेतला. मगच कटर हातात धरला. जुन्या चासीला मागे नवे लोखंडी तुकडे जोडले आणि सांध्यावर आतून लांब पट्ट्या बसवल्या, म्हणजे सगळा भार एकट्या वेल्डिंगवर यायला नको. नव्या चाकांना ब्रेक हवेतच, यावर ती धाकट्याशी भांडली. त्याला ते नुसतं वाढीव काम वाटत होतं.

"अरे, जास्त वजन उचलायचं आणि थांबायचं मात्र जुन्याच ब्रेकवर? उतारावर काय देवाचा धावा करणार आहेस?"

बाबा तेवढे दिवस ओसरीत वर्कशॉपकडे पाठ करून पेपर वाचत. कटरचा आवाज सुरू झाला की पान मात्र उलटायचं थांबे.

चाचणीच्या दिवशी हौद्यात वाळूच्या गोण्या भरल्या. शेजारच्या दुकानात टायर दुरुस्त करणारे पंक्चरकाका हातातलं काम टाकून बघायला आले.

"सहा पाय झाले की गं हिला! आता बेडकी कसली? झुरळ म्हणा."

"तुमच्याच दुकानात दोन टायरांचं गिऱ्हाईक वाढलंय, काका. जपून बोला."

धाकट्यानं गाडी फाटकाकडे काढली. फाटकाबाहेर रस्त्यालगत एक आडवी खळगी होती. पुढची चाकं ती ओलांडून गेली. मग मधली चाकं खळगीवर आली आणि गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, मधली चाकं गरगर फिरत होती आणि बेडकी तसूभर हलत नव्हती. पुढची चाकं खळगीच्या पुढे, नवी चाकं खळगीच्या मागे, दोन्ही पक्क्या जमिनीवर. त्यांच्यामध्ये, जिला इंजिनाची ताकद मिळते ती जोडी अधांतरी लटकत होती.

"बंद कर!" ताई ओरडली.

इंजिन बंद झालं. ओसरीवरून बाबा उतरून आले. ते सावकाश खाली वाकले आणि त्यांनी मधल्या चाकाखाली तळहात सरकवला. हात सहज पलीकडे गेला.

"लंगडी केलीस गं तिला," ते हळूच म्हणाले आणि परत फिरले.

पंक्चरकाका आपल्या दुकानाकडे वळले.

ताई वर्कशॉपमध्ये जाऊन तिपाईवर बसली. राग आला होता, तो स्वतःचाच. तो उतरेपर्यंत ती नुसती फरशीकडे बघत राहिली. फरशी कुठे खचलेली, कुठे फुगलेली. तरी तिपाई मुळीच डुगडुगत नव्हती. चार पायांचं कामाचं टेबल मात्र एका पायाखाली लाकडाची चकती घालून उभं होतं.

इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर टेकते. चौथा पाय आला की जमीन सपाट हवी, नाहीतर एक पाय हवेत राहतो. मग सहा पायांचं काय होईल? ताईनं नवी जोडी ताठ बसवली होती, जुन्या जोडीशी तिचा काही संबंध नव्हता. जमीन जिथे उंच, तिथली चाकं सगळं वजन आपल्याकडे ओढून घेत आणि शेजारची जोडी मोकळी राही.

चाकं जास्त असण्यात चूक नव्हती. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती, ही चूक होती.

ती उठून घरात गेली. धाकटा मध मोजून देण्यासाठी जुना तराजू वापरायचा, तो तिनं खुंटीवरून काढला आणि एक पारडं बोटानं दाबलं. दुसरं वर गेलं. ती ते पुन्हा पुन्हा करून पाहू लागली.

"काय तोलतेयस?" धाकट्यानं विचारलं.

"दोन चाकं. बघ, दोन्ही बाजूंना एकेक जाड दांडी बसवायची, मधोमध खिळीवर झुलणारी. दांडीचं एक टोक मधल्या चाकाच्या स्प्रिंगला, दुसरं मागच्या चाकाच्या. मधलं चाक खड्ड्यात उतरलं की दांडी कलेल आणि मागच्याला वर जाऊ देईल. वजन दोघांवर सारखंच राहील."

"म्हणजे दोन चाकं मिळून एक पाय?"

"शहाणा आहेस की!"

"घरातलीच हवा आहे, मला कशी लागणार नाही?"

दांड्या तयार झाल्या. खिळींसाठी जाड पोलाद घेतलं, त्यांत ग्रीस भरायला छिद्रं ठेवली. या वेळी बेडकी त्याच खळगीवर आली, तेव्हा मधली चाकं शांतपणे खाली उतरली, मागची जागच्या जागी राहिली आणि गाडी एखादी जाडजूड बाई पायरी उतरावी तशी पलीकडे गेली. पंक्चरकाकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा ओसरीवरून बघत होते, पण ते खाली आले नाहीत. वाळूच्या गोण्यांत पोळी नसतात.

फुलोरा सरला. एका पहाटे, माश्या अजून पेटीतच असताना, पेट्यांची दारं जाळीनं बंद केली आणि सगळ्या पेट्या हौद्यात रचल्या. सगळ्या, एकाच खेपेत. ताई गाडी चालवायला बसली, मध्ये बाबा आणि कडेला धाकटा. बाबांनी मागची काच सरकवून उघडी ठेवली. पेट्यांतली गुणगुण त्यांना ऐकायची होती. माश्या बिथरल्या की तिचा सूर चढतो.

घाटाचा रस्ता पाण्यानं चिरलेला होता. एकेक चर आला की ताई वेग कमी करी आणि खालून दांडी कलल्याचा हलका आवाज येई. गुणगुण होती तशीच राहिली.

"दुसऱ्या गिअरवर टाक," बाबा एका चढावर म्हणाले.

"टाकलाय, बाबा."

"मग ठीक."

माळावर आणखी दोन-तीन मधपाळ आधीच आले होते. बेडकीची लांबलचक शेपूट बघून ते जवळ जमले. बाबांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. पेट्या उतरवून माश्या थोड्या शांत झाल्यावर त्यांनी धूर दिला आणि पहिली पेटी उघडली. एकेक चौकट अलगद वर घेऊन उन्हाकडे धरायची, पाहायची, परत ठेवायची. मग दुसरी पेटी. ताईला पुढे होऊन बघण्याचा धीर होईना. ती बोनेटला टेकून उभी राहिली आणि उगाच पुसलेला आरसा पुसत राहिली.

हौद्यात अगदी मागे, जिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात, तिथली पेटी बाबांनी शेवटी उघडली. तिच्यातलं पोळं सगळ्यात नवं होतं, पांढरंशुभ्र. त्यांनी चौकट बराच वेळ हातात धरली. मग तसेच, माश्यांनी भरलेली चौकट घेऊन, ते ताईपर्यंत चालत आले.

"बघ."

पोळं अखंड होतं. कोपऱ्याला चीरसुद्धा नव्हती.

"सगळी अशीच?" ताईनं विचारलं.

"सगळी." बाबांनी चौकट परत नेऊन ठेवली. हात पुसले आणि मोठ्यानं विचारलं, "काय गं, ती दांडी नेमकी करते काय? मला काही नीट कळलं नाही."

धाकट्यानं चमकून पाहिलं. बाबांना ते केव्हाच कळलं होतं. चार दिवसांपूर्वी सगळ्यांची पाठ वळल्यावर ते गाडीखाली शिरून दांडी हलवून आले होते, त्याच्या डोळ्यांदेखत. पण मधपाळ पुढे सरकले, आणि ताईनं खाली बसून मातीत दोन चाकं आणि एक दांडी काढली. तिनं सगळं समजावून सांगितलं. थोड्या वेळानं आणखी एक मधपाळ येऊन पोचला.

"हे आत्ता आलेत," बाबा म्हणाले. "त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. बाबा तिच्या शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष आहे की नाही हे बघत होते.

"माझ्या गाडीचंही असं होईल का हो?" त्या नव्या मधपाळानं बाबांना विचारलं.

"मला काय विचारता? मी नुसता पेट्या वाहणारा. हिला विचारा," बाबा म्हणाले. "आणि गाडी कापायला जीव होत नसेल, तर आधी या बेडकीतून एक फेरी मारून या. मीच नेतो."

त्यांनी ताईपुढे हात केला. तिनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"वळताना मागचा भाग आत ओढला जातो, बाबा. थोडं लांबून वळवा."

"असं म्हणतेस? बस मग शेजारी," बाबा म्हणाले. "आणि चुकलो तर सांग."