काठोकाठ चहा

बुरुल जेंगेनं, आमच्या वहिनीनं, माझ्या वाडग्यात काठोकाठ चहा ओतला, तेव्हाच मला कळलं की आम्ही तिला नकोसे झालोत. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच देतात. बसा, संपला की आणखी घ्या, असा त्याचा अर्थ. भरून दिला की समजायचं, प्या आणि चालू लागा.

तिच्या नवऱ्याच्या, जिर्गलच्या, सातव्याचं जेवण होतं. नारिनहून खिंडीपलीकडे जाताना तो आणि त्याचा सहवैमानिक इस्केंदेर डोंगरावर आदळले. आता त्या मार्गावर उडणारे आम्ही तिघंच उरलो होतो, आणि अंगणातल्या लोकरी तंबूत घोड्याचं मटण चिवडत त्याच विमानाबद्दल बोलत होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं.

"खुटी ओढायला विसरला," तोलोगोन म्हणाला. "ढगात शिरलं की इंजिनात बर्फ धरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गरम हवेची खुटी ओढायची, झालं."

"विसरला नसेल. अडकली असेल," मी म्हणालो.

"मग आपली नाही अडकत? मफलर गुंडाळायचा, दोन्ही हातांनी हिसडा द्यायचा. येते की नाही, मेलिस?"

"येते," मी म्हणालो.

"मग! नाचता येईना, अंगण वाकडं."

"तीस वर्षं उडवतोय मी म्हातारीला," असानाली म्हणाला. आमच्यात तोच वडीलधारा. सगळे त्याला आसाके म्हणत. "हात ओळखते ती."

मला या बोलण्याचा वीट आला होता. तरी मी उठलो नाही, कारण ऐकायला बरं वाटत होतं. दुसरी म्हातारी, पडलेल्या विमानाची सख्खी जुळी, उद्या मलाच न्यायची होती. रस्ता बर्फानं बंद होता आणि साहेबांनी बजावलं होतं, ज्याला उडायचं नसेल त्यानं टोपी काढून ठेवावी. चूक जिर्गलची असली तर मी वाचणार, कारण मी विसरणार नाही. उद्या चौकशीवालेही येणार होते. आम्ही जे सांगू तेच त्याच्या नावाला कायमचं चिकटणार होतं.

चहाच्या समोवारपाशी बसलेल्या जेंगेनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मातीच्या वेळी त्याच्या भावानं रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, माणूस कसा होता? तुम्ही तीनदा सांगितलंत, चांगला होता. सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता, आसाके."

"चांगलाच होता, सुनबाई."

"मग आता मी विचारते. विमान कसं होतं?"

तोलोगोन पुन्हा मटण चिवडू लागला.

"विमान कसं होतं?"

"जेंगे, त्याचं असं आहे..." तोलोगोननं सुरुवात केली.

"तिसऱ्यांदा विचारते. त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते. मेंढीची चरबी चोळून द्यायची मी. हे कसले, विचारलं तर हसायचा. म्हणायचा, म्हातारी हट्टी आहे. जिच्यापायी हाताला घट्टे पडले, ती खुटी माणूस विसरेल?"

मी आपले हात मांडीवर पालथे घातले. त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती.

"वाईट होतं," मी म्हणालो. "दोन्ही वाईट आहेत. हिसडे देऊन चालवायचो आणि त्यालाच कसब म्हणायचो आपण. उद्या मी नेणार नाही. का, ते चौकशीवाल्यांना सांगेन."

"टोपी जाईल, मेलिस," तोलोगोन पुटपुटला.

"डोकं तरी राहील."

असानालीनं हातातला वाडगा जेवणाच्या कापडावर, दस्तरखानावर, ठेवला. "वाईट होतं," अखेर तो म्हणाला, आणि म्हातारा तोंड झाकून रडायला लागला. मग तोलोगोननंही मान डोलावली. मला फार दमल्यासारखं झालं. उद्यापासून काय करायचं ते सुचत नव्हतं.

जेंगेनं माझ्यासमोरचा वाडगा उचलला. गार झालेला चहा बाहेर फेकला, वाडगा पुसला आणि समोवारची तोटी सोडली.

या वेळी तिनं अर्धाच भरला.