साडूच्या गाडीसारखं नको

माणसानं जळावं, पण किती? वैजनाथला साडूच्या अंगावरचा सदरासुद्धा डोळ्यांत खुपायचा, मग साडूची पिकअप तर लांबच राहिली.

तसं पाहिलं तर रामलिंगनं त्याचं काही वाकडं केलेलं नव्हतं. रामलिंग नायगावचा, वैजनाथ भोकरचा. देवणीच्या हणमंतरावांच्या दोन लेकी ह्या दोघांच्या घरी दिलेल्या. थोरली महानंदा वैजनाथला, धाकटी पुनम रामलिंगला. म्हणजे मानानं थोरला जावई वैजनाथच. पण सासुरवाडीला गेलं की सासरे विहिरीवरच्या मोटारीचं रामलिंगला विचारणार, आणि भाजीत मीठ नीट पडलंय का तेही सासूबाई रामलिंगलाच विचारणार. वैजनाथच्या जिभेला काय चव नव्हती? पण हेही त्यानं गिळलं असतं, गेल्या पोळ्याला ते घडलं नसतं तर.

हणमंतरावांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, सडकेपासून दीड किलोमीटर आत. वाट सगळी काळ्या मातीची, वरून पोळ्याचा पाऊस. वैजनाथनं झोकात पिकअप आत घातली आणि अर्ध्या वाटेत मागचं डावं चाक रुतलं. जेवढी रेस द्यावी तेवढं ते चाक चिखलात गरगर फिरायचं, आणि टणक जागेवरचं उजवं चाक ढिम्म हलायचं नाही. मागून रामलिंग आला. त्यानं गाडीतलं एक लाल बटन दाबलं, त्याच चिखलातून बाजूनं पुढं निघाला, खाली उतरून दोर बांधला आणि थोरल्या साडूला ओढत आखाड्यावर नेलं. पुनमनं त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आणि त्याच्या खाली महानंदानं, वैजनाथच्या सख्ख्या बायकोनं, टाळ्या टाकल्या.

त्या टाळ्या वैजनाथ अकरा महिने विसरला नाही.

पुढच्या आषाढात सासऱ्यांचा फोन आला. अधिक महिना लागतोय, दोन्ही जावयांनी जोडीनं धोंडे खायला यावं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायची रीत. कुणी ताट देतं, कुणी कपडे. हणमंतराव म्हणाले, ह्या खेपेला मी गोऱ्हा देणार आहे. एकच आहे, तेव्हा एकालाच मिळंल. तो गोऱ्हा वैजनाथनं पाहिलेला होता. अस्सल देवणी जातीचा, दीड वर्षाचा, अंग पांढरंशुभ्र आणि तोंड काळं. आपला गोठा दोन वर्षं रिकामा पडलाय आणि साडूच्या दारात खिल्लारासारखी जोडी उभी आहे, हेही त्याला लगेच आठवलं. कुणाला देणार, असं त्यानं जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं. म्हातारा हसला.

"ज्याची गाडी आखाड्यापातूर येईल, त्यानं न्यावा."

म्हातारा चेष्टेत बोलला होता. पण जळणाऱ्या माणसाला कुठली आलीय चेष्टा! दुसऱ्या दिवशी नांदेडच्या मोंढा बाजारात हळद उतरवून वैजनाथ थेट ताहेर मिस्त्रीच्या गॅरेजवर जाऊन बसला.

ताहेरचे आजोबा टांग्यांची चाकं बसवायचे, बाप ट्रकचे एक्सल खोलायचा आणि ताहेर डिफरन्शियलमधला माणूस. त्यानं स्टुलावर चहाचे दोन कप ठेवले आणि सावकाश समजावलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून मागच्या एक्सलवर हा डिफरन्शियलचा गोळा असतो. सडकेवर तो शहाणा. चिखलात मात्र वेडा, जे चाक घसरतंय त्यालाच सगळी ताकद देतो. लॉक बसवलं की दोन्ही चाकं संगं फिरतात. मग त्यानं वैजनाथला उलटं विचारलं, की सालभरात गाडी चिखलात जाते किती दिवस? वैजनाथनं आठवून पाहिलं. पंधरा, लई झालं तर वीस. बाकी सगळं डांबरावर, हळद घेऊन भोकर-नांदेड.

मग तर सवालच नाही, ताहेर म्हणाला. काहीजण गोळा वेल्डिंग करून कायमचा जाम करतात, ते गाढवाचं काम, टायर खाऊन टाकतं. दुसरं असतं आपोआप लागणारं लॉक. त्याला बटन नाही, चिखलात स्वतःच लागतं, वळणावर स्वतःच सुटतं. पण सुटताना खटखट वाजतं आणि परत बसताना असा दणका देतं की नवा माणूस गाडी थांबवून खाली वाकतो. जो रोज रानातच असतो त्यानं ते घ्यावं. तुमच्यासारख्याला बटनाचं. चिखल आला की दाबायचं, सडक लागली की आठवणीनं बंद करायचं. बाकीचे दिवस गाडीत लॉक आहे हे कळतसुद्धा नाही.

सगळं वैजनाथला पटलं होतं. नुसतं 'बसवा' म्हणायचं राहिलं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"रामलिंगच्या गाडीला कोणतं हाय?"

"बटनाचं. म्याच बसवलं."

"मग तसलं नको."

ताहेरनं कप खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं.

"भाऊ, गाडी तुमची हाय का तुमच्या साडूची?"

वैजनाथला दिसत होती ती पुनम, 'अगंबाई, दाजींनी बी आमच्यावानीच बसवलं' म्हणून ओठ दाबून हसणारी. साडूची नक्कल करण्यापेक्षा गाडी विकलेली बरी! आणि ज्याला बटनच लागत नाही ते एक पायरी वरचंच की नाही? त्याला बटन लागतं, आपल्याला लागत नाही. हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की संध्याकाळपर्यंत ते त्याला खरंच वाटायला लागलं.

आठ दिवसांनी गाडी मिळाली. पहिल्याच वळणावर मागून खडाड् आवाज आला आणि महानंदानं दरवाजाची दांडी धरली. मोडलं नाही, लॉक सुटलं, असं वैजनाथनं तिला समजावलं. असं दर वळणाला सुटणार आहे काय, एवढंच तिनं विचारलं. पुढचे पंधरा दिवस गाव पिकासाठी पाऊस मागत होतं आणि हा चिखलासाठी. मोंढ्यातून त्यानं एक जाडजूड नवा दोरही आणून सीटखाली ठेवला. ह्या खेपेला रुतेल तो रामलिंग आणि ओढीन तो मी. व्हिडिओ काढायचं त्यानं महानंदाला आधीच सांगून ठेवलं होतं.

धोंड्याच्या दिवशी पाऊसही मनासारखा झाला. वैजनाथनं गाडी वाटेला घातली. चिखल चाकाच्या मध्यापर्यंत आला, गाडी डुलली, डावं चाक घसरलं, आणि दोन्ही चाकांनी मिळून गाडी अशी बाहेर काढली की वैजनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आखाड्यावर तो पहिला पोचला. मग अंगणात उभा राहून वाटेकडं बघत बसला. रुत लेका, रुत. रामलिंग आला तो बटन दाबून, शांतपणे, अंगावर चिखलाचा एक थेंबसुद्धा न घेता. उतरल्या उतरल्या त्यानं वैजनाथची गाडी पाहिली, खाली वाकून पाहिली आणि मनापासून म्हणाला, भाऊ, लई झकास काम केलं. वैजनाथला ते शिवीसारखं लागलं.

दोघांना पाटावर बसवून ओवाळलं, धोंडे वाढले, तूप सोडलं. शेवटी हणमंतरावांनी हात धुतले आणि म्हणाले, गोऱ्हा वैजनाथरावांचा.

वैजनाथनं मान वर केली ती थेट साडूकडं. साडूचं तोंड पडलेलं बघायला तो आसुसला होता. रामलिंग हसत होता.

"रामलिंगरावच म्हणले," म्हातारा पुढं बोलला, "भाऊचा गोठा रिकामा हाय, त्यास्नीच द्या."

झालं. गोऱ्हा मिळाला तोही साडूच्या शिफारशीनं! मिळाल्याचा आनंद धड तोंडापर्यंतही आला नाही. पण गोऱ्हा आपल्या गाडीतून जाणार, हे तरी आपलं होतं. गोऱ्हा चढवायला सोपं पडावं म्हणून गाडी बांधाला उलटी लावायची होती. वैजनाथनं मुरमाच्या अंगणात गाडी रिव्हर्सला वळवली. खट, खट, खडाड्! गोऱ्ह्यानं कान टवकारले, दाव्याला हिसका दिला आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला. दुसऱ्यांदा आणला, तोवर गाडी जरा पुढं घ्यावी लागली, पुन्हा खडाड्. तिसऱ्यांदा तर गाडी नुसती सुरू केली तरी तो चारी पाय रोवून अडला. वैजनाथनं चाबूक मागितला. हणमंतरावांनी दिला नाही. देवणीचं जनावर, एकदा बिचकलं की आठ दिवस चारा तोंडात घेत नाही, म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या जावयाकडं पाहिलं.

रामलिंगची गाडी आवाज न करता मागं आली. गोऱ्ह्यानं फळी हुंगली आणि चढला. बांधायला मजबूत दोर लागला, तो महानंदानं वैजनाथच्या सीटखालून नवाकोरा काढून दिला. आणि जनावर घाबरू नये म्हणून जवळ ओळखीचं माणूस हवं, असं म्हणत तीही पुनमसंगं रामलिंगच्या गाडीत चढून बसली.

देवणी ते भोकर, म्हणजे पाचेक तासांची वाट. पुढं साडूच्या गाडीत वैजनाथचा गोऱ्हा, वैजनाथची बायको आणि वैजनाथचा दोर. मागं वैजनाथ, रिकाम्या गाडीत एकटा. आवाज गोऱ्ह्याच्या कानावर जाऊ नये म्हणून महानंदानं फोन करून त्याला बरंच मागं राहायला सांगितलं. वाटेत नायगाव आलं, रामलिंगचं गाव. पुनम घरी उतरली, पण रामलिंग उतरला नाही. तसाच पुढं निघाला. इथं तरी तो कंटाळेल असं वैजनाथला वाटलं होतं. प्रत्येक वळणावर पुढची गाडी गुपचूप वळायची आणि मागून ह्याची खडाड् करायची.

तो घरी पोचला तोवर अर्धी गल्ली दारात गोळा झालेली. वैजनाथच्या आईनं, दानम्मानं, गोऱ्ह्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मग गोऱ्हा ज्या गाडीतून आला त्या गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रामलिंगला ओवाळलं. वैजनाथ गाडी आत घ्यायला वळला, तशी आई आतूनच ओरडली की ते वाजणारं धूड बाहेरच ठेव, गोऱ्ह्यानं आत्ताच कुठं पेंडीला तोंड लावलंय.

त्यानं गाडी सडकेला लावली. उतरला आणि भिंतीला टेकला. मग फोन काढला. ताहेरनं दोन रिंगमध्येच उचलला, लॉक कसं चाललंय विचारलं.

"ते काढा. बटनाचं बसवा."

समोर अंगणात रामलिंग एका हातात चहा घेऊन उभा होता, आणि गोऱ्हा त्याचा दुसरा हात चाटत होता.

"साडूच्या गाडीला हाय तसलंच?" ताहेरनं विचारलं.

रामलिंगनं मान वळवून वैजनाथकडं पाहिलं. ऐकू जाईल एवढंच अंतर होतं.

"हाव," वैजनाथ म्हणाला. "तसलंच."