पुढारीण

करडू जन्मलं आणि त्याची आई गेली, तेव्हा घरात पाळण्यातली लेकही वरच्या दुधावर होती. बाटली एकच. एकीचं पोट भरलं की बाटली उकळून दुसरीसाठी भरायची. कधी कधी झोपेच्या गुंगीत लेकीची आई कोणाला आधी पाजलं तेच विसरायची, आणि मग जी जास्त ओरडेल तिचा नंबर लागायचा. बहुतेक वेळा करडूच जिंकायचं.

लेक चालायला लागली तोवर शेळी कळपाच्या पुढे चालायला लागली होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती निघाली की बाकीच्या निघायच्या, ती थांबली की थांबायच्या. नवरा हसून म्हणाला, "ही तर पुढारीण निघाली. सगळे हिच्यामागे, आणि ही कोणाचं ऐकणार नाही." त्याने तिच्या गळ्यात पितळी घंटा बांधली, आणि तेच नाव पडलं.

आता नवरा लांब कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवतो. लेक तालुक्याला मावशीकडे राहून शाळेत जाते. माळावर आणखी दोन बिऱ्हाडं होती, तीही पाण्याच्या मागे निघून गेली. ती राहिली, कारण तिच्या विहिरीच्या तळाला अजून ओल होती, आणि लेक सुट्टीत येईल तेव्हा घर जागच्या जागी असावं असं तिला वाटायचं. दिवसभर बोलायचं तर पुढारणीशी. "आज वारा उलटा आहे गं," चुलीत काटक्या सारताना ती म्हणायची, आणि दारातली शेळी कान हलवायची. तेवढं पुरायचं.

उन्हाळा फार लांबला. सगळा कळप पोसवणार नव्हता, म्हणून काही शेळ्या विकायच्या ठरल्या. पूर्वी बाजार नदीच्या कोरड्या पात्रात झाडाखाली भरायचा. व्यापारी शेळीची कंबर चाचपून, तोंड वाकडं करून, मनाला येईल तो भाव सांगायचा. आता गावाबाहेर नवा बाजार झाला होता. लोखंडी कठडे, पत्र्याची शेड, प्यायच्या पाण्याचा लांब हौद, आणि मधोमध मोठा वजनकाटा. वजनाचा आकडा सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर उमटायचा, भावही तिथेच लिहिलेला. तोंड वाकडं करायची सोय राहिली नव्हती.

ती पहाटेच निघाली होती. विकायच्या शेळ्या मागे, पुढे घंटा वाजवत पुढारीण. कारण पुढारणीशिवाय त्या कुठे जाणार? बाजारातली रीत अशीच होती. घंटेवाली शेळी कळपाला आत नेऊन सोडते आणि मालकाने हाक मारली की एकटी परत येते. घंटेवालीचा भाव कोणी विचारत नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगायची असते हे तिच्या डोक्यातही आलं नाही. चालत्या माणसाला तुझे पाय विकायचे आहेत का, असं कोण विचारतं?

फाटकावरचा माणूस नवा होता. समोरून येईल त्या प्रत्येक जनावराच्या कानात तो पिवळा बिल्ला अडकवत होता, खट, खट, खट. पुढारीण पहिली आली म्हणून पहिला बिल्ला तिलाच बसला.

"ही नाही हो," ती मागून ओरडली.

"मावशी, सगळ्यांना लागतो. दुखत नाही," तो न बघताच म्हणाला आणि पुढच्या शेळीकडे वळला.

तिला वाटलं, असेल इथली काही पद्धत. कळप काट्यावर गेला, आकडा उमटला, पलीकडचं दार उघडलं, बंद झालं. पावती घ्यायला मालकाने शेडला वळसा घालून खिडकीशी जायचं होतं. ती खिडकीशी पोचली, पावती घेतली आणि कठड्यापाशी जाऊन जीभ टाळूला लावून आपली नेहमीची हाक दिली. घंटा वाजली नाही. पलीकडचं आवार रिकामं होतं.

"इथल्या शेळ्या?"

"शेटच्या ट्रककडे गेल्या," झाडू मारणारा म्हणाला.

पदर खोचून ती धावली.

ट्रक शेडच्या मागे उभा होता. शेट म्हणजे पोट पुढे आणि माणूस मागे. हातात काठी घेतलेल्या दोघांना तो ओरडत होता, पण आज ओरडण्यात गंमत होती. "अरे बघा, बघा! काठी नको, काही नको. एकामागे एक, शाळेची पोरं जशी!" ट्रकला लावलेल्या फळीवरून पुढारीण डौलात वर गेली होती आणि तिच्यामागे शेटने दिवसभरात घेतलेली सगळी जनावरं, तिची आणि परक्यांची, मुकाट्याने चढली होती.

"शेट, घंटेवाली माझी आहे! ती विकायची नाही!"

"बिल्ला आहे ना कानात?"

"बिल्ला असेल. पण ती म्होरकी आहे. तुम्हाला माहीत नाही का घंटेवाली विकत नाहीत?"

शेटला माहीत होतं. त्याचं अर्धं आयुष्य नदीच्या पात्रात गेलं होतं. तो जरा ओशाळला. "मी कुठे बघतो वहिनी, आता सगळं काट्यावर. बरं, बोलवा तिला. तिच्या वजनाचं खिडकीवर वळतं करून घेऊ."

तिने हाक दिली. ट्रकच्या आतून घंटा वाजली. पुढारणीने तोंड बाहेर काढलं, तिच्याकडे बघितलं, आणि खाली उतरली. आणि तिच्यामागे अख्खा ट्रक खाली उतरला.

"अरे, अरे, अरे!" शेट हात पसरून मध्ये उभा राहिला. शेळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी, एक तर दोन्ही पायांमधून, शांतपणे निघून गेल्या.

"परत चढवा!" शेट म्हणाला. तिने परत चढवल्या. "आता फक्त तिला बोलवा."

"फक्त तिलाच बोलावते हो. बाकीच्यांना मी कुठे बोलावते?"

हाक. घंटा. आणि पुन्हा सगळं लटांबर खाली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "शेट, तुम्हीपण बांधा एक घंटा. तुमच्यामागे तर आम्ही कोणी येत नाही."

शेवटी कोणीतरी सुचवलं. तिने पुढारणीला कळपासकट वर नेलं, मागचं दार लावून घेतलं आणि केबिनच्या बाजूने कठड्यावरून तिला उचलून बाहेर काढलं. चार माणसांच्या हातांतून ती शेळी नव्या नवरीसारखी खाली उतरली. तिने शेळीच्या मानेला मिठी मारली. पिवळा बिल्ला लागला होता त्या कानाला तिने हळूच फुंकर घातली. "चल बाई, चल. घरी जाऊ."

"जरा थांबता?"

मागे बाजाराचा कारभार बघणारी मॅडम उभी होती. तिशीच्या आतली, कडेवर बाळ, खांद्यावर बाळाने ओकलेल्या दुधाचा डाग. ती हे सगळं बघत होती.

मॅडमची खोली पत्र्याची होती. एका कोपऱ्यात टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात घड्या घातलेल्या पोत्यांवर बाळाची गोधडी, वर कुरकुरणारा पंखा. पुढारीण विचारल्याशिवाय आत आली आणि गोधडीचा वास घेऊ लागली. बाळ तिच्या दाढीला हात लावायला बघत होतं.

"चावेल?" मॅडमने विचारलं.

"नाही. बाळं पाहिलीत तिने."

मॅडमने पाणी दिलं. मग एकदम मुद्द्यावर आली, जणू थांबली तर बोलणं जमणार नाही. "हा काटा आला, भाव नीट मिळायला लागला, लोक खूश आहेत. पण जनावरं त्या लोखंडावर चढत नाहीत. पायाखाली वाजतं ना, घाबरतात. मग ही माणसं काठ्या मारतात. आज सकाळी एका आजोबांच्या शेळीचा पाय मोडला. मोडलेल्या जनावराचा भाव पडतो. ते आजोबा नुसते बसून राहिले. बाहेर आहेत अजून." तिने बाळाला गोधडीवर ठेवलं. "तुमची शेळी इथे ठेवाल का?"

"इथे?"

"इथेच. काम फक्त बाजारच्या दिवशी. बाकी आराम. चारा, पाणी, सावली, सगळं मी बघेन. डॉक्टर येतो. तिला कोणी कधी ट्रकमध्ये घालणार नाही, माझा शब्द."

तिची नजर शेळीकडे गेली. पुढारणीचा पुढचा गुडघा सुजलेला होता. येताना ती दर चढणीला थांबत होती आणि आपण थांबलोच नाही असं दाखवायला एखादं झुडूप हुंगत होती. घरी विहिरीचं पाणी आता गढूळ यायचं. घरी चारा म्हणजे काय, ते तिला आणि शेळीला, दोघींनाही माहीत होतं.

"तुमच्या कळपाचं काय होईल, हे मला कळतं," मॅडम म्हणाली.

"कळपाला दुसरी मिळेल. हिचीच लेक आहे. जरा अल्लड आहे, पण शिकेल."

"मग?"

संध्याकाळी चुलीपाशी मग कोणाशी बोलायचं, हे या बाईला कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी, शेळीशी बोलते म्हणून हसेल. तिने बाळाकडे बघितलं. बाळाची मूठ पुढारणीच्या दाढीत अडकली होती, आणि शेळी मान खाली घालून, ते सोडेपर्यंत निमूट उभी होती.

"तुम्ही इथल्याच का?" तिने विचारलं.

"नाही हो. बदली झाली. हे तिकडेच आहेत. इथे मी आणि हा." मॅडम हसली. "संध्याकाळी बाजार मोकळा झाला की मी याला काट्यावर ठेवते. वजन बघते. बोलायला काहीतरी विषय होतो फोनवर."

पंखा कुरकुरत होता.

बाहेर कोणाच्या तरी शेळ्या काट्यापाशी अडल्या. काठीचा आवाज आला, पाठोपाठ ओरडणं. पुढारणीचे कान टवकारले. बाळाच्या मुठीतून दाढी सोडवून ती दारातून बाहेर पडली. कोणी हाक मारली नव्हती. घंटा वाजवत ती त्या परक्या कळपाच्या पुढे गेली, लोखंडावर पाय ठेवला, लोखंड वाजलं, तिने मान झटकली आणि पलीकडे चालत गेली. त्या शेळ्या क्षणभर बघत राहिल्या, मग निघाल्या. काठीवाल्याचा हात वरच राहिला.

भिंतीपाशी बसलेल्या आजोबांनी डोकं वर केलं. "बघितलं का," ते कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "सकाळी असती तर."

ती दारात उभी होती. तिला एकदम राग आला, कोणाचा ते कळेना. आजोबांचा नव्हे. मॅडमचाही नाही. लेकीला मावशीकडे सोडून निघताना असाच आला होता. लेक नव्या दप्तराच्या नादात होती, मागे वळून बघायचं विसरली होती, आणि शाळा चांगली होती, सगळं चांगलंच होतं.

"गूळ देऊ नका तिला," ती म्हणाली. "मागेल. नाटकी आहे. आणि थंडीत गुडघ्याला शेक लागतो."

मॅडमने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ते बाळामुळे झोप न झाल्याचंही असेल. "तुम्ही येत जा ना. विकायला काही नसलं तरी."

"लांब आहे," ती म्हणाली. मग वाटलं आपण फार तोडून बोललो. "येईन."

तिने घंटा सोडवून घेतली नाही. घंटेशिवाय मागच्यांना कळणार कसं? शेडच्या सावलीत पुढारीण हौदाला तोंड लावून पाणी पीत होती, चांगलं पाणी, पोटभर. ती फाटकाबाहेर पडली तेव्हाही शेळी पीतच होती. हाक मारली असती तर आली असती. म्हणून तिने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि वळणापर्यंत तशीच चालली.

सकाळी तिने काटेरी कुंपणाचं दार उघडलं. उरलेल्या शेळ्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. पुढारणीची लेक सगळ्यांत पुढे होती, पण ती मागे वळून बाकीच्यांकडे बघत होती, जणू तुमच्यापैकी कोण. ती मागून हाकत राहिली, त्या गोल गोल फिरत राहिल्या. शेवटी तिने काठी खांद्यावर टाकली आणि त्यांच्यामधून वाट काढत स्वतःच पुढे झाली. काही पावलं गेल्यावर मागे खुरांचा आवाज सुरू झाला. आयुष्यभर ती कळपाच्या मागे चालली होती. समोर नुसता माळ कधी बघितला नव्हता.

टेकाडावर रेंज यायची. तिथे पोचताच फोन वाजला.

"आई! शाळेला निघालेय. पुढारीण काय म्हणते?"

"नोकरीला लागली."

"काय?" लेक खळखळून हसली. मग तिने सगळं विचारून घेतलं, काटा केवढा, बाळ केवढं, खायला काय देतात. "मग तर माझ्यासारखंच झालं तिचं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "आई, मग तू आता कोणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी बोलतेय की."

"आत्ता नाही गं. एरवी."

वारा फोनमध्ये शिरत होता. पाठीमागे सगळं शांत झालं होतं. तिने वळून बघितलं. ती थांबली म्हणून सगळ्या थांबल्या होत्या, माना वर करून, तिच्याकडे बघत.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "मला चालायला पाहिजे. मी उभी राहिले की या चरत नाहीत."