टबातली माता आणि न गंजणारी पट्टी

मनाउरे गावच्या मिठागराबाहेर तीसेक ट्रक रांगेत उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर एका प्लॅस्टिकच्या टबाभोवती जमले होते. टबात समुद्राचं पाणी, मधोमध ट्रकवाल्यांची राखण करणाऱ्या कार्मेन मातेची मूर्ती आणि दोन लोखंडी पट्ट्या. एक साध्या रंगाची, दोरीला बांधलेली. दुसरी, मंतरलेला रंग विकणाऱ्या नेरेओबुवाच्या निळ्या रंगाची, मातेच्या कमरेच्या पितळी जपमाळेला लटकवलेली. दोन्हींवर खिळ्याने क्रूस ओरखडला होता. आठ दिवसांत साध्या पट्टीचा क्रूस गंजून लाल झाला, निळीचा मात्र चकचकीत राहिला.

"बघा, माता खाऱ्या पाण्यात उभी राहून लोखंड राखते," बुवा सांगत होता. "उद्या तिचा सण. आजच चेसीस, स्प्रिंगचे पाटे, सगळं माझ्याकडून रंगवून घ्या. पण गंज खरवडायचा नाही हं. त्याबरोबर गेल्या सणाचा आशीर्वादही निघून जातो."

माझा भाऊ विल्फ्रिदो कुबडी टेकून माना डोलवत होता. गेल्या वर्षी याच रंगाखाली त्याच्या ट्रकची स्प्रिंग अडकवायची कडी सडून तुटली, मिठासकट ट्रक उलटला आणि त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. बुवा दवाखान्यात आला आणि म्हणाला, "थोडंसं खरवडलं असशील तू." माझ्या बावळट भावाला तेही पटलं. आता तोच ट्रक दुरुस्त करून त्याचा मुलगा दागोबेर्तो चालवणार होता. सकाळीच त्या ट्रकला पुन्हा निळा रंग लागला होता.

मी बंदरात होड्यांची वेल्डिंगची कामं करते. वर्षभर हा माणूस माझ्या डोळ्यांत सलत होता, पण हाती काही लागत नव्हतं.

"एनेइदाताई, प्रसाद घ्या." बुवाने मूर्तीच्या पायाशी तरंगणारी पांढरी साय बोटावर पुढे केली. "मातेच्या मायेची साय आहे. विल्फ्रिदोदादा रोज जिभेवर घेतात."

ती साय मी ओळखली. होड्यांच्या तळावरून मी ती रोज खरवडते.

"बुवा, ही निळी पट्टीपण दोरीला बांधू या की. माता आहेच पाण्यात."

"माळ सुटली की कृपा सुटते, ताई."

"का? माता काय बॅटरी आहे?"

दोघंतिघं हसले. तेवढ्यात मी मूर्ती उचलून आडवी केली. तळाला भोकं होती. आत माळेच्या टोकाला बांधलेला, कुरतडल्यासारखा झालेला एक करडा गोळा होता.

"हे जस्त. होडीच्या सुकाणूला आम्ही हेच बसवतो," मी म्हटलं. "खाऱ्या पाण्यात लोखंडाला जोडलं की आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. माळ ही नुसती तार. साय म्हणजे झिजलेलं जस्त. या माळेला बिनरंगाची पट्टी लटकवली तरी गंजणार नाही. तुमच्या ट्रकखाली टब आहे का? जस्त आहे का?"

"हा श्रद्धेचा अपमान आहे," बुवा पुटपुटला.

मी हातोडा घेऊन विल्फ्रिदोच्या ट्रकखाली शिरले. धड लोखंड खणखणतं, हे बद्द वाजलं. दुसऱ्या ठोक्याला हातोडा निळ्या रंगातून आरपार गेला आणि गंजाचे पापुद्रे खाली पडले. दागोबेर्तोचा चेहरा उतरला.

"आत्या, परवा यात पंधरा टन मीठ भरणार होतो मी."

ड्रायव्हर बुवावर धावले. "मारू नका," मी म्हटलं, आणि ते दयेपोटी नव्हतं. मी त्याच्या हातात तारेचा ब्रश दिला. "तीस ट्रक आहेत, बुवा. सगळा आशीर्वाद खरवडून काढा."

सण झाला तरी तो भर उन्हात पाठीवर पडून घासत होता, नाकाडोळ्यांत गंज जात होता. मला एकदाही त्याची कीव आली नाही. ज्यांना येईल त्यांनी माझ्या भावाचा पाय बघावा.

मातेला खुशाल हात जोडा. पण लोखंडाला आधी हातोड्याने विचारा. धड लोखंड दिसेपर्यंत गंज काढा, जस्ताचा प्रायमर मारा, तो सुकू द्या, मग जाड रंग द्या. आणि आत बघू नका असं कोणी म्हणालं, तर आधी आतच बघा.

विल्फ्रिदो रोज ट्रकशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि कुबडीने चेसीस वाजवून बघायचा.

"अजून बद्द वाजतंय, बुवा," तो म्हणायचा. "थोडंसं खरवडलेलं चालत नाही."